खालून येणारे निरोप

न्यूक्लिअर मेडिसिन विभागात मिळणारा हा नाश्ता दिसायला साधाच असतो. अंड्याच्या पांढऱ्या भागात टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचा अगदी थोडा अंश कालवायचा, ते घट्ट होईपर्यंत शिजवायचं, पावाच्या दोन स्लाइसमध्ये जॅमसोबत भरायचं आणि वर अर्धा पेला पाणी. सगळं मिळून साधारण २५५ कॅलरी. रात्रभर उपाशी असलेल्या रुग्णाने ते दहा मिनिटांत संपवायचं आणि गामा कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. खाल्ल्याबरोबर एकदा, मग एका तासाने, दोन तासांनी, चार तासांनी. मधल्या वेळात बाहेरच्या बाकावर बसून राहायचं, काही खायचं नाही. पडद्यावर जठराच्या जागी एक तेजस्वी डाग दिसतो आणि दर फोटोत तो फिका होत जातो. टेक्नेशियम अंड्याला घट्ट चिकटून बसणं फार महत्त्वाचं. ते सुटून पाण्यात उतरलं तर कॅमेरा अन्नाऐवजी पाण्याचा प्रवास मोजत बसतो. अंडं न खाणाऱ्यांची इथे पंचाईत होते, म्हणून भारतात काही ठिकाणी हेच काम इडलीकडून करून घेतलं गेलं आहे.

दोन तासांनी साठ टक्क्यांहून जास्त किंवा चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त अन्न जठरात शिल्लक असेल तर जठर मंद चाललं आहे. उलट पहिल्याच तासात तीस टक्क्यांहून कमी उरलं असेल तर त्याला घाई झाली आहे. कॅमेऱ्याला कळतं ते एवढंच. हा वेग कोणी ठरवला ते त्यात दिसत नाही, आणि या प्रकरणाचा विषय नेमका तोच आहे. कारण जठराच्या वेगाचा निर्णय बराचसा जठरात होतच नाही. तो खाली, आतड्यात होतो.

आधी जठर काय करतं ते पाहू. घास खाली उतरला की जठराचा वरचा भाग सैल होऊन जागा करून देतो. म्हणूनच दोन पोळ्या जास्त झाल्या तरी पोटातला दाब एकदम वाढत नाही. खालचा भाग मात्र मिनिटाला साधारण तीन वेळा आकसतो आणि रवीने ताक घुसळावं तसं अन्न पुढे-मागे घुसळत राहतो. पुढच्या टोकाला पायलोरस नावाचा स्नायूंचा आवळ असतो. घुसळून दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झालेले कण त्यातून निसटतात, मोठे मागे फेकले जातात. पाण्याला हा व्याप नसतो, ते लगेच खाली जायला लागतं. घट्ट अन्न पहिली वीस-तीस मिनिटं जवळपास जागचं हलत नाही.

गंमत पुढे आहे. जठर दर मिनिटाला खाली किती अन्न सोडतं हे आकारमानापेक्षा कॅलरींवर ठरतं. मिनिटाला साधारण एक ते चार कॅलरी, असा तो हिशेब पडतो. पेलाभर पाणी अर्ध्या-पाऊण तासात गेलेलं असतं, तेवढीच बासुंदी कितीतरी वेळ रेंगाळते. पण जठराला कॅलरी मोजता येत नाहीत. त्याच्या भिंतीला ताण कळतो, तूप आणि साखर यांच्यातला फरक कळत नाही. मग हिशेब ठेवतं कोण?

कोणता पदार्थ जठरात किती वेळ राहतो याचं एक जुनं कोष्टक आहे आणि ते एका माणसाच्या पोटाला पडलेल्या भोकातून तयार झालं. ६ जून १८२२ या दिवशी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, फरच्या व्यापाऱ्यांच्या दुकानात चुकून बंदूक उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन या फ्रेंच-कॅनेडियन तरुणाच्या बरगड्यांखाली जठरापर्यंत जखम झाली. लष्करी सर्जन विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं. जखम भरली, पण जठराचं भोक काही बुजलं नाही. १८२५ पासून बोमाँट मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडायचे आणि थोड्या थोड्या वेळाने ओढून पाहायचे. १८३३ मध्ये त्यांनी अशा २३८ निरीक्षणांचं पुस्तक छापलं. त्यातल्या कोष्टकात उकडलेल्या भाताला एक तास लागल्याची नोंद आहे आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाला सव्वापाच तास. आजाऱ्याला मऊ भात द्यायच्या आपल्या रीतीला बोमाँटने परस्पर दुजोरा दिला म्हणायचा. सेंट मार्टिनला मात्र या कौतुकात काही रस नव्हता. करार करून नोकर म्हणून ठेवलेला हा गरीब माणूस मधून मधून घरी निघून जायचा. १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांनी शरीर चिरू नये म्हणून घरच्यांनी ते मुद्दाम कुजू दिलं आणि मगच पुरलं. ही हकिगत वाचून मला तरी नेहमी घरच्यांचंच बरोबर वाटतं.

तेलकट पदार्थ जठरात जास्त वेळ राहतात हे बोमाँटने पाहिलं होतं. जठराच्या रसाला ते विरघळवणं जड जातं, एवढाच अर्थ त्या काळी लावता येण्यासारखा होता. खरं कारण हाती यायला लंडनमधली एक दुपार उजाडावी लागली.

१६ जानेवारी १९०२ रोजी युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी एका बेशुद्ध कुत्र्याच्या लहान आतड्याचा छोटा तुकडा वेगळा केला. त्याच्याकडे जाणाऱ्या नसा तोडल्या, रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या. मग त्या तुकड्यात आम्ल सोडलं. रशियात पावलोव्ह यांनी शिकवल्याप्रमाणे हा सगळा कारभार नसांचा असायला हवा होता, म्हणजे आता स्वादुपिंडाने गप्प बसायला हवं होतं. पण त्यातून रस पाझरायला लागला. स्टार्लिंगनी आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्ल घालून घोटलं, गाळलं आणि ते पाणी कुत्र्याच्या मानेतल्या शिरेत टोचलं. स्वादुपिंडातून पुन्हा रस आला, पहिल्यापेक्षा जोरात. आतड्याचं अस्तर रक्तातून निरोप पाठवतं हे त्या दिवशी सिद्ध झालं. या पहिल्या निरोप्याचं नाव सिक्रेटिन.

जठराच्या वेगाचं कोडं याच रीतीने सुटत गेलं. १९२६ मध्ये अमेरिकेत फॅरेल आणि आयव्ही यांनी कुत्र्याच्या जठराचा एक भाग सोडवून कातडीखाली रोवला. आता त्याचा मेंदूशी काही संबंध उरला नव्हता. तरीही कुत्र्याला चरबी खाऊ घातली की त्या सुट्या तुकड्याची हालचाल थंडावायची. त्यानंतरच्या दशकांत एकेक संप्रेरक सापडत गेलं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वीतभर भागातून, डॉक्टर ज्याला ड्युओडेनम म्हणतात तिथून, कोलेसिस्टोकायनिन निघतं. ते पित्ताशय पिळतं, स्वादुपिंडाला पाचकरस सोडायला लावतं आणि जठराला थांब म्हणतं. तिथूनच जीआयपी निघतं आणि साखर आली आहे, इन्सुलिन तयार ठेवा, असं स्वादुपिंडाला कळवतं. खूप खाली, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात, जीएलपी-१ आणि पेप्टाइड वायवाय बनवणाऱ्या पेशी दाट आहेत. न पचलेलं अन्न तिथवर पोचलं की या पेशी वरच्या सगळ्या यंत्रणेला ब्रेक लावतात. या जोडीला नसांचं काम आहेच. कोलेसिस्टोकायनिनचा बराचसा निरोप व्हेगस या मोठ्या नसेमार्फतच मेंदूकडे जातो, आणि तिथून जठराकडे.

पोट रिकामं असतानाही हा कारभार थांबत नाही. दर दीड-दोन तासांनी जठरातून एक जोरकस लाट निघते आणि उरलंसुरलं झाडून आतड्यातून पुढे नेते. न चावलेली बी, गिळलेलं नाणं असल्या वस्तू याच लाटेबरोबर जातात. ही लाट उठवण्यात मोटिलिन या संप्रेरकाचा हात असतो आणि पोटात कावळे ओरडतात तेही साधारण याच सुमाराला.

आता आजारांकडे वळू. यंत्रणा एकच असली तरी ती वेगवेगळ्या जागी तुटते, आणि कुठे तुटली त्यावर त्रास ठरतो.

सगळ्यांत ठळक बिघाड सर्जनच्या हातून होतो. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ यांनी कॅन्सर झालेला जठराचा खालचा भाग यशस्वीपणे काढला. पुढे अल्सरसाठीही अशा शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या. पायलोरस गेला, घुसळणारा भाग गेला, आणि जेवण थेट आतड्यात कोसळायला लागलं. याला डंपिंग म्हणतात. जेवून उठल्यावर दहा ते तीस मिनिटांत छातीत धडधडतं, दरदरून घाम फुटतो, पोटात कळ येऊन शौचाला धावावं लागतं आणि मग आडवं पडल्याशिवाय इलाज राहत नाही. दाट गोड द्रव आतड्यात एकदम उतरला की त्याला पातळ करायला रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, रक्ताचं आकारमान घटतं, शिवाय आतड्यातली संप्रेरकं नेहमीच्या कितीतरी पट उसळतात आणि रक्तवाहिन्या सैलावतात. हा झाला पहिला अंक. दुसरा एक ते तीन तासांनी येतो, आणि तो जास्त फसवा असतो. साखर झपाट्याने रक्तात गेलेली असते, जीएलपी-१ चा पूर आलेला असतो, स्वादुपिंड त्या पुराला भुलून गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं. साखर आटोपते तरी इन्सुलिन शिल्लक राहतं. हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. रुग्ण म्हणतो, जेवण करून तर आलो, मग अशक्तपणा कसला? जीएलपी-१ चं काम अडवणारं द्रव्य शिरेतून दिलं की लठ्ठपणासाठी जठराची बायपास झालेल्या अशा रुग्णांची साखर खाली जात नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे गुन्हेगार तोच.

उपचार मुख्यतः ताटातच आहेत. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाने प्यायचं. डाळ, दही, अंडं, पनीर वाढवायचं. उसाचा रस, श्रीखंड आणि गुलाबजामचा पाक वर्ज्य. एवढं करून भागलं नाही तर साखरेचं पचन लांबवणाऱ्या अकार्बोजच्या गोळ्या, आणि त्याही पुढे ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं, जी आतड्याच्या या सगळ्या संप्रेरकांना एकदम गप्प करतात.

लठ्ठपणासाठी केलेल्या बायपासमध्ये हाच बिघाड मुद्दाम घडवून आणतात. जठर छोटं करून अन्न आतड्याच्या पुढच्या भागात वळवलं की जीएलपी-१ जेवणानंतर अनेक पटींनी वाढतं, भूक मरते आणि अनेकांचा मधुमेह वजन उतरायच्या आधी, थोड्याच दिवसांत सुधारायला लागतो. एकाचा रोग तो दुसऱ्याचा उपचार.

याच्या उलट टोकाला मधुमेह्यांचं मंद जठर. १९५८ मध्ये कॅसँडर या डॉक्टरांनी त्याला गॅस्ट्रोपॅरेसिस हे नाव दिलं. बरीच वर्षं मधुमेह असला की व्हेगस नस झिजते, जठराच्या स्नायूंना ताल देणाऱ्या काहाल पेशी कमी होतात आणि घुसळण मंदावते. चार घास खाल्ले की पोट भरतं, दुपारी पोटाला तड लागलेली असते, आणि रात्री उलटी झाली तर त्यात सकाळच्या उसळीतली मटकी जशीच्या तशी दिसते. हे लक्षण डॉक्टरांना सांगायला लाजू नये. निदानाला त्याचा चांगला उपयोग होतो. इन्सुलिन घेणाऱ्यांचे हाल तर आणखी वाढतात. इंजेक्शन आपल्या वेळेला काम सुरू करतं, अन्न मात्र अजून जठरातच बसलेलं असतं. साखर खाली जाते. मग दोन-तीन तासांनी अन्न उतरतं तेव्हा इन्सुलिनचा जोर संपलेला असतो आणि साखर वर उडते. रुग्णाला पथ्य पाळत नाहीस म्हणून बोलणी बसतात. शिवाय वाढलेली साखर स्वतःच जठराला आणखी मंद करते, म्हणजे फेरा पुरा झाला.

पातळ अन्नाला घुसळणीची गरज नसते, म्हणून या रुग्णांना मुगाचं कढण, ताक, पेज, मऊ भात सोसतं. भाकरी, मोडाची कडधान्यं, सालासकट फळं, कच्ची कोशिंबीर जठरात साठते आणि कधी कधी त्या चोथ्याचा गोळा होऊन बसतो. तंतुमय खा, हा मधुमेह्यांना सरसकट दिला जाणारा सल्ला इथे उलटतो. अन्न बारीक करून दिलं की उलट्या आणि मळमळ कमी होते, हे स्वीडनमधल्या एका चाचणीत दिसून आलं आहे.

औषधांच्या बाबतीत हात आखडता घ्यायला हवा. मेटोक्लोप्रमाइड जठराला चालना देतं, पण ते दीर्घकाळ घेतल्यास तोंडाच्या आणि जिभेच्या अनैच्छिक हालचाली कायमच्या जडू शकतात. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. डोमपेरिडोनमुळे हृदयाचा ठेका बिघडण्याचा धोका असतो, म्हणून २०१४ मध्ये युरोपीय औषध संस्थेने ते फक्त मळमळ आणि उलटीसाठी आणि सहसा आठवडाभरच द्यावं असं सांगितलं. आपल्याकडे हेच डोमपेरिडोन अ‍ॅसिडिटीच्या गोळीत मिसळून येतं आणि गॅस झालाय म्हणून वर्षानुवर्षं सकाळी चहाच्या आधी घेतलं जातं. दुकानदाराला विचारून.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती सोयीची नाही. जठराचा वेग आणि रुग्णाचा त्रास यांचं नातं फारसं घट्ट नाही. पंकज पसरिचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांच्यावर गॅस्ट्रोपॅरेसिसचा शिक्का होता त्यांची ४८ आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा ४२ टक्के लोकांचं जठर वेळेत रिकामं होत होतं. आणि ज्यांना तशाच तक्रारी होत्या पण वेग ठीक होता, त्यांच्यातल्या ३७ टक्क्यांचा वेग आता मंद निघाला. तक्रारी दोन्हीकडे जवळपास होत्या तशाच. जठराचा वरचा भाग सैल होत नसेल किंवा त्याच्या नसा नको इतक्या हळव्या झाल्या असतील, तर अन्न वेळेवर उतरूनही पोट भरल्यासारखंच वाटतं. तेव्हा एका फोटोवरून आयुष्यभराचं निदान करू नये.

स्वादुपिंडाच्या रोगात तुटतं ते निरोपाचं पहिलं अक्षर. आतड्यातल्या पेशींना तूप समजत नाही. तूप फोडून सुटे झालेले मेदाम्लांचे रेणू समजतात, तेही लांब साखळीचे. हे फोडायचं काम स्वादुपिंडातलं लायपेझ करतं. दीर्घकाळच्या सुजेने स्वादुपिंड निकामी झालं की तुपाचे थेंब ड्युओडेनममधून ओळख न देता निघून जातात, कोलेसिस्टोकायनिन सुटत नाही, जठराला थांबायला कोणी सांगत नाही. ते घाईने रिकामं होतं. जीआयपी आणि जीएलपी-१ ही कमी, म्हणून इन्सुलिनही मागे राहतं. केरळमध्ये स्वादुपिंडात खडे होणारा जो आजार पी. जे. गीवर्गीज यांनी वर्षानुवर्षं अभ्यासला, त्यात तरुण वयातच असा मधुमेह आणि तेलकट शौच एकत्र दिसतात. एन्झाइमच्या कॅप्सूल जेवणासोबत दिल्या की चरबी पचते, हे सर्वांना माहीत असतं. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत असं दिसलं की त्याच कॅप्सूलमुळे जठराचा वेग ठिकाणावर येतो आणि जेवणानंतरची साखरही कमी चढते. मात्र कॅप्सूल घासांच्या सोबतच जायला हवी. जेवण आटोपून तासाभराने आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

सीलिअ‍ॅक रोगात, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याचं अस्तर झडतं तेव्हा, चित्र दुभंगलेलं दिसतं. १९७८ मध्ये लंडनमधल्या गटाने या रुग्णांची संप्रेरकं मोजली. वरच्या भागातली जीआयपी आणि सिक्रेटिन घटलेली, कारण ती बनवणारं अस्तरच उरलेलं नाही. खालच्या भागातलं एंटेरोग्लुकॅगॉन मात्र वाढलेलं, कारण न पचलेलं अन्न तिथवर पोचत होतं. वरून शांतता आणि खालून आरडाओरडा. पित्ताशय सुस्त पडतं, जठर मंदावतं, भूक जाते. गहू बंद केला की बहुतेक सगळं पूर्वपदावर येतं. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ खाणाऱ्या महाराष्ट्रात हे पथ्य पंजाबपेक्षा सोपं, असं वाटतं खरं. पण फोडणीतल्या हिंगाकडे लक्ष ठेवावं. बाजारातल्या पुष्कळ हिंगपुडीत आणि खड्यांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

शेवटी ते संप्रेरक, ज्याची सध्या लग्नाच्या पंगतीतही चर्चा असते. शरीरातलं जीएलपी-१ दोन मिनिटांत निम्मं उरतं, म्हणून औषध म्हणून त्याचा उपयोग नव्हता. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात जॉन एंग यांना १९९२ मध्ये गिला मॉन्स्टर या विषारी पालीच्या लाळेत त्याच्यासारखंच, पण जास्त टिकणारं द्रव्य सापडलं. त्यावरून २००५ मध्ये एक्झेनाटाइड आलं. मग आठवड्यातून एकदा टोचायचं सेमाग्लुटाइड आलं, आणि जीआयपीचीही जोड दिलेलं टिर्झेपॅटाइड, जे मार्च २०२५ मध्ये मौंजारो या नावाने भारतात विकायला आलं. ही औषधं मुख्यतः मेंदूतली भूक कमी करतात, पण सुरुवातीच्या आठवड्यांत जठरालाही चांगलंच मंद करतात. महिने उलटले की हा दुसरा परिणाम ओसरत जातो, पूर्ण जातोच असं नाही.

याचा पहिला फटका भूलतज्ज्ञांना बसला. रात्री बारापासून काही खाल्लं नाही, असं खरं बोलणाऱ्या रुग्णाच्या जठरातही एंडोस्कोपीत अन्न दिसायला लागलं. बेशुद्ध माणसाच्या पोटातून ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आठवड्याचं इंजेक्शन ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी थांबवा असं सांगितलं. २०२४ मध्ये इतर संघटनांसह ही भूमिका सैल झाली. बहुतेकांनी औषध चालू ठेवावं. पण मळमळ-उलट्या होत असतील, डोस नुकताच वाढवला असेल किंवा जठर आधीच मंद असेल तर आदल्या दिवशी फक्त पातळ आहार घ्यावा आणि शंका आली तर भूल देण्याआधी सोनोग्राफीने जठर पाहून घ्यावं. शस्त्रक्रियेच्या आधी भरायच्या फॉर्मवर या इंजेक्शनसाठी वेगळा रकाना नसेल, तर बीपीच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या खाली ते आपणच लिहावं, शेवटच्या डोसच्या तारखेसकट. वजनासाठी घेतो, ते काही औषध नव्हे, असं समजून पुष्कळ जण तेवढंच सांगायचं ठेवतात.